एका पायडलवर दोन गिटारी

टेलरच्या दुकानात दोन गोष्टी रोज साचतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या आई संध्याकाळी झाडून काढते. किस्से कुणी झाडत नाही. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्यासमोर लोक बिनधास्त बोलतात आणि सगळं माझ्याकडेच उरतं! त्यातले पप्पांच्या आणि जब्बार चाचांच्या कॅसेटचे तेवढे सांगते.

पप्पा आष्टीत टेलर. चाचांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान बरोबर समोर. दोघंही हवाईन गिटार वाजवतात. ही गिटार आडवी ठेवायची असते, आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची. सूर तुटत नाही, घरंगळत जातो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात दोघांची जोडी होती. मग ऑर्केस्ट्रात की-बोर्ड आला.

मालक म्हणाले, "याच्यात तुमच्या दोघांचाबी आवाज हाय!"

चाचांनी की-बोर्डला सगळीकडून फिरून पाहिलं. "और हमारी चाय कौन पिएगा? वो बी हय क्या इसमें?"

चहा पिऊन दोघं जे घरी आले, ते पुन्हा गेले नाहीत.

*

एकदा चाचांकडे रेडिओचे पार्ट आले, ते इंग्रजी मासिकाच्या पानात गुंडाळलेले. पानावर फोटो होता. चार पायांवर उभी असलेली गिटार आणि तिच्या खाली पायडलं. पायडल दाबलं की तार ताणली जाते आणि सूर आपोआप चढतो, असं चाचांनी नुसत्या फोटोवरून ओळखलं.

पायडल म्हटल्यावर पप्पांची नजर कुठे गेली असेल? दुकानात आईचं एक जुनं मशीन रिकामं होतं. पप्पांनी त्याचं डोकं उतरवून कपाटात ठेवलं आणि टेबलावर दोन गिटारी समोरासमोर मांडल्या. सायकलच्या ब्रेकच्या दोन तारा घेतल्या. एक या गिटारीला, एक त्या गिटारीला. पण पायडल एकच! एक पाय पप्पांचा, एक पाय चाचांचा.

पहिल्याच दिवशी पप्पा ओरडले, "अहो, माझा सूर का चढला?"

"मैं दबाया ना!"

"मंग सांगून दाबा की!"

"सांगून दाबलं तर मजा काय, मास्टर?"

त्या दिवसापासून ठरलं. आधी काही बसवायचं नाही. समोरचा पाय जिकडे नेईल तिकडे जायचं. ताल नाही, शब्द नाहीत. अशी एक कॅसेट भरायची, दोन्ही बाजू सलग, मध्ये न थांबता. रेकॉर्डचं बटण चाचा पायाच्या अंगठ्यानं दाबायचे, कारण दोन्ही हात गुंतलेले!

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "तुळशीचं लग्न लागलं, की लगीनसराई सुरू. मावशी शिवायला येणार हाय. तिला हे मशीन पाहिजे. तवर काय वाजवायचं ते वाजवा."

पोळा नुकताच झाला होता. पप्पांना वाटलं, बख्खळ वेळ आहे.

*

नवीन वाजवायचं म्हटलं तरी बोटांना जुनी सवय. पाच मिनिटं छान तरंगत चाललेलं असायचं, आणि एकदम ऑर्केस्ट्रातलं एखादं गाणं बाहेर यायचं. मग रेकॉर्डिंग बंद! नियम असा केला, की जो ओळखीच्या गाण्यात घसरेल त्यानं चहा सांगायचा.

शेजारच्या हॉटेलच्या नामदेव मामांना हा नियम कळला. ते गाणं ऐकू आलं की न सांगताच चहा पाठवायचे. कधीकधी दुसऱ्या ओळीला चहा हजर!

एका दुपारी मात्र कोणीच घसरलं नाही. बराच वेळ झाला. शेवटी मामा स्वतः दारात आले. रेकॉर्डिंग चालू आहे हे न बघता त्यांनी काळजीनं विचारलं, "काहून, आज भांडण झालं का तुमचं?"

ती बाजूही गेली. मामांनीच चहा पाजला.

*

मागच्या गल्लीतली सुनंदावहिनी एकदा ब्लाऊज न्यायला आली. कडेवरचं बाळ रडून रडून लाल झालं होतं. चाचांनी कांडी खालून वर हळूच सरकवली. बाळ गप्प. पप्पांनी पायडल दाबलं. बाळाचे डोळे मिटले!

दुसऱ्या दिवसापासून वहिनी ब्लाऊज नसतानाही येऊ लागली. बाळाला कापडाच्या ढिगावर निजवायचं, आणि "जरा घरचं आवरून येते" म्हणून जायचं.

पप्पा चिडले. "लोक आपलं ऐकून झोपून राह्यले, जब्बारभाई!"

चाचा म्हणाले, "मास्टर, ऑर्केस्ट्रा में बीस साल बजाया. कोई इतने भरोसे से सोया क्या?"

*

एकदा वाजवताना लाईट गेली. चाचांनी टेपमध्ये सेल घातले आणि तसंच पुढे भरलं. संध्याकाळी लाईट आल्यावर ऐकलं, तर सूर चिवचिवत धावत होते, जणू कोणी मागे लागलं आहे!

पप्पा घाबरले. "एवढं जल्दी कवा वाजवलं आपण?"

चाचांनी कपाळावर हात मारला. सेल उतरत आलेले होते. भरताना टेप हळू फिरला, आता लाईटवर बरोबर फिरत होता. म्हणून सगळं पळत होतं. दुसऱ्यांचे टेप दुरुस्त करणाऱ्या चाचांनी स्वतःच्या टेपमध्ये जुने सेल घातले होते!

आई कोपऱ्यातून म्हणाली, "असंच ठेवा की. लवकर तरी संपन."

आईचा राग वेगळाच होता. रेकॉर्डिंग चालू असलं की तिचं मशीन बंद ठेवावं लागायचं. ती सुई वर करून, हाताची घडी घालून बसायची. "एका बाजूत माझं अर्धं ब्लाऊज जातं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

*

दिवाळीत ऑर्केस्ट्राचे मालक कपडे शिवायला आले. त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मान डोलवायला जागा सापडेना, तेव्हा म्हणाले, "समदं ठीक हाय. पण याच्यात नाचायचं कुठं?"

चाचा म्हणाले, "इसमें बैठने का, शेठ."

आणि स्टूल पुढे सरकवलं. मालक बसले. माप देऊन झाल्यावरसुद्धा बसले. जाताना स्टूल उचलून नीट भिंतीला लावून गेले.

*

माझं अक्षर चांगलं, म्हणून कॅसेटच्या पट्टीवर नाव मी लिहायचं होतं. पण नावच ठरेना. पप्पांना "स्वरसंगम" हवं होतं. चाचा म्हणाले, "वो तो बँडवालों का नाम लगता."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला कानापर्यंत गरम झालं.

"तुला काय वाटतं, बेटा? ऐकून क्या याद आता?"

मी म्हटलं, "दुपार."

पप्पांनी चाचांकडे पाहिलं. चाचा म्हणाले, "लिख दे."

मी लिहिलं. पण आतली कॅसेट अजून पुरी भरलीच नव्हती.

*

तुळशीचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी एसटीनं येऊन उतरणार होती. लग्नाच्या घरचे ब्लाऊज ढिगानं आले होते. आई दुकानामागच्या स्वयंपाकघरात होती, तेवढ्यात पप्पांनी आणि चाचांनी शेवटचा प्रयत्न सुरू केला.

त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. कोणीच घसरत नव्हतं. नामदेव मामा दारात आले, तोंडावर बोट ठेवून परत गेले. सुनंदावहिनीचं बाळ जागं होतं आणि तरी गप्प होतं. चाचांनी पायडल दाबलं की पप्पा हसायचे, पप्पांनी दाबलं की चाचा डोळे मिटायचे.

आणि आई आली. हातात नट सोडायचा पान्हा! तारा सोडायच्या आणि पायडल मोकळं करायचं.

मला तिला थांबवायचं होतं. पप्पांनी तिला पाहिलं. त्यांचे हात थांबले नाहीत, पण चेहरा पडला. टेप फिरत होता.

आई पायडलपाशी आली. त्यावरच्या दोन पायांकडे बघत राहिली. एक पप्पांचा, चपलेचा वळ उमटलेला. एक चाचांचा, अंगठा मोठा. मग तिनं पान्हा खिडकीत ठेवला, आपल्या मशीनवर जाऊन बसली आणि एक ब्लाऊज पुढे ओढलं.

मशीन सुरू झालं. पण नेहमीसारखं नाही. हळू. एक टाका, थांबून दुसरा टाका. चाचांनी दचकून मान वर केली. पप्पांनी बघितलंही नाही, त्यांनी पायडल दाबलं. दोन्ही गिटारी एकदम चढल्या आणि खाली आईची सुई तशीच चालत राहिली.

खट्! बाजू संपली. बटण आपोआप वर आलं.

पप्पा खाली वाकून तारेला हात लावत म्हणाले, "काढू का पायडल?"

आईनं दातानं दोरा तोडला.

"आधी कॅसेट पलटा. माझी एक बाही राह्यलीय."