आधी मैत्रिणीची मेथी

इंग्रजीत जिवलग मैत्रीला ‘थिक अ‍ॅज थीव्ज’, म्हणजे चोरांसारखे घट्ट, म्हणतात. मुलं हसून विचारतात, “सर, चोर काऊन?” मग मी हिंगणघाटच्या बाजारात एकदाच भेटलेल्या बाईबद्दल सांगतो. चोरांचं मला ठाऊक नाही; पुस्तकातला अर्थ पाठ होता, पण ‘घट्ट’ म्हणजे काय ते समजलं तिच्यामुळे.

तिच्यापुढे मेथीचे दोन ढीग होते. मी एकाला हात लावताच तिनं दुसरा पुढे सरकवला.

“आधी हे घ्या, भाऊ. माह्या मैतरणीची हाय. मैतरीण दवाखान्यात हाय.”

“आणि तुमची?”

“माह्यी सुकली तं गाईले घालीन. तिची सुकली तं ते मले एका शब्दानं बोलनार नाई. त्याचंच भेव वाटते.”

मग बाटलीतलं उरलेलं पिण्याचं पाणी तिनं मैत्रिणीच्या मेथीवर शिंपडलं. दिवस मावळायला अजून बराच वेळ होता.