उठला का?

बजाजनगरात माझी मोटारसायकल ज्यांच्याकडं दुरुस्तीला असते, त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणते.

रविवारी त्यांच्या गॅरेजातल्या टीव्हीवर मोटारसायकलींची शर्यत लागते आणि उस्ताद पहिल्या फेरीपासूनच तापलेले असतात. "नाय, पण कॅमेरा पार जमिनीला टेकवलाय बघा! असं धरलं तर ह्यांचं खटारंबी विमान दिसंल," असं म्हणून ते हातातला पाना आधी टीव्हीवर रोखतात, मग माझ्या गाडीवर. चिडतात, पण स्टूल पुढं पुढं सरकवत बघतातही.

मात्र कुणी पडला की ते उठून टीव्हीसमोर आडवे उभे राहतात. तेच पडणं सावकाश करून, चारी बाजूंनी पुन्हा दाखवलेलं त्यांना खपत नाही. "पडला ना एकदा? मग ह्यांनी परत परत कशाला पाडायचं त्याला?" आम्ही बघायला जमलेले कितीही ओरडलो तरी ते हलत नाहीत.

गेल्या रविवारी शेवटच्या फेरीत एक जण पडला, तेव्हा उस्तादांचे हात मागं एका गाडीच्या इंजिनात गुंतले होते. आम्ही त्याला पाच वेळा पडताना पाहिलं. मग कॅमेरा पुढच्या दोघांच्या चुरशीवर गेला आणि आम्ही उभं राहून बोंबललो. शर्यत संपली तेव्हा उस्ताद पाना घेऊन टीव्हीपाशी आले.

"नाय, पण तो उठला का?"

एकानं टीव्हीकडं बोट केलं; तिथं जिंकलेला हात हलवत होता.

"पडताना पाच वेळा बघितला नं? मग उठला का, तेवढं सांगा."

कुणालाच सांगता येईना. पाना आता आमच्यावर रोखलेला होता.