शिडी धरणारा माणूस

माझा मामा रंगारी आणि बाबाही रंगारी. मामा शिडीवर चढून रंग द्यायचा, बाबा खाली शिडी धरून हुकूम सोडायचे. "मेव्हणे, भिंत रंगवा, स्वतःला नको," ही त्यांची रोजची थट्टा.

मग मामाला चक्कर येऊ लागली. अंथरुणात कूस बदलली की छत गरगर फिरायचं, म्हणून तो उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायचा. घरात कोणाला त्याने पत्ता लागू दिला नाही. एकदा वरच्या फळीवरचा डबा काढताना त्याचा तोल गेला आणि आईने ते पाहिलं. आई म्हणजे आमच्या घरचं कोर्ट. तिचा निकाल लागला की अपील नाही.

"आजपासून तू चढायचं नाहीस. वर हे जातील."

"ताई, भावजींना सवय नाही गं."

"होईल सवय. तू आपला खाली उभा राहा. जमिनीवरून कोण पडतं?"

आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. चक्कर येते ती उंचीवर, एवढीच आमची अक्कल. डॉक्टरकडे जाणंही राहून गेलं. खाली उभं राहायला औषध कशाला?

एका शाळेच्या जिन्यात काम होतं. फरशी गुळगुळीत. वरून बाबांनी हाक मारली, "मेव्हणे, रोलर द्या!" मामाने रोलर उंच धरला, मान मागे टाकली आणि भिंतच फिरली. पडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो. मामाच्या हाताला शिडी होती.

बाबांचा मणका मोडला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

इस्पितळात डॉक्टरांनी मामालाही तपासलं. कानाच्या आतले बारीक कण जागचे हलले होते. त्यांनी त्याला खाटेवर आडवं केलं, डोकं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवलं, कुशीवर घेतलं आणि उठवून बसवलं. दोन खेपांत चक्कर थांबली. "यात मान वर करायची कामं आधी बंद करायची असतात," ते म्हणाले. आई शेजारीच उभी होती. मला इतका संताप आला की समोरची खुर्ची उचलून फेकावी. पण कोणावर?

आता पुन्हा मामाच चढतो. त्याचं आणि आमचं, दोन्ही घरं त्याच्यावर आहेत. शिडी धरायला आई जाते. दोघं कामापुरतंच बोलतात.

संध्याकाळी बाबा पडल्या पडल्या विचारतात, "शिडी नीट धरलीस ना?" त्यांच्या मनात काही नसतं. आई हो म्हणते आणि त्यांचे पाय पुसायला घेते.