तिसऱ्या ओळीतली खिडकी

माणसाची खरी ओळख तो विमानात कोणती जागा निवडतो यावरून पटते, असं माझं ठाम मत आहे. मी स्वतः पुढची, खिडकीजवळची जागा घेतो. यावरून माझी काय ओळख पटते, हे मी कधी तपासलेलं नाही.

मुंबईहून गोव्यातल्या मोपा विमानतळावर येताना तिथल्याच पार्से गावचे एक गृहस्थ चपला हातात धरून मागून पुढे आले. साठीचे असतील, सदऱ्याची गळ्याजवळची गुंडीही लावलेली. त्यांचा थोरला भाऊ मुंबईत वारला होता आणि शवपेटी याच विमानाच्या पोटातून जायची होती.

"बाय, पेटी खंय ठेवल्यात?" त्यांनी हवाईसुंदरीला विचारलं.

"मागच्या बाजूला असेल, काका. बसून घ्या बघू."

"माझी सीट थंयच आसा गो. जल्मात कधी तेच्यासमोर पाय लांब केले नाय. आता तेच्या डोक्यार पाय ठेवन बसू?"

मी माझी जागा त्यांना दिली. त्यांनी हात जोडले, सीटवर मांडी घातली आणि डोळे मिटले.

मी मागे त्यांच्या जागेवर जाऊन बसलो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरीही पाय खाली टेकवेनात. ते वर घेऊन मी तासभर अवघडून बसलो. शेजारच्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं.

मोपाला उतरल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याने त्या गृहस्थांना सांगितलं की पेटी मुंबईलाच राहिली आहे, संध्याकाळच्या विमानाने येईल.