कवडूमामाची रानजई

गव्हात उगवणारी रानजई आमच्या गोंदियाकडचे शेतकरी उपटून बैलांपुढे टाकत. कवडूमामा, म्हणजे माझ्या आईचा भाऊ, मात्र तिचे मूठभर दाणे काडेपेटीत जपून ठेवी. या दाण्याला लांब, काळं, मधेच वाकलेलं कुसळ असतं. कोरड्यात त्याचा पीळ घट्ट राहतो. ओल लागली की सुटू लागतो आणि टोक हळूहळू फिरतं. कणगीत धान्य भरण्याआधी मामाचा बाप त्यावरूनच ओल ओळखे.

भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मामा तिथल्या खुर्सीपार वस्तीत आला आणि एका ठेकेदाराच्या छोट्या फाउंड्रीत लागला. तिथे वाळूच्या साच्यात लोखंड ओतून नालीची झाकणं बनवत. साच्यात ओल राहिली तर वितळलेलं लोखंड उसळून अंगावर येतं. म्हणून मामा शेकलेल्या प्रत्येक साच्याच्या तोंडाशी जई धरी. टोक हललं की म्हणे, अजून शेका. युक्ती गावंढळ खरी, पण दोन वर्षांत एकही साचा उसळला नाही.

लोखंड ओतणारा फकिरा मामाच्याच गावचा, जिवाभावाचा. एके दिवशी त्यानं सगळ्यांसमोर मामाला ‘जईवाला वैद्य’ म्हटलं. सगळे हसले. मामाला ते फार झोंबलं. आमच्या आजोळी ताठ्याला कधी तोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं जई धरली, तर टोक फिरलं. त्यानं काडेपेटी मिटली आणि एक शब्द न बोलता बाजूला झाला. फकिरानं लोखंड ओतलं. साचा उसळला आणि फकिराचे दोन्ही डोळे गेले.

मामानं पुन्हा जईला हात लावला नाही. रोज सकाळी तो फकिराला हाताला धरून तळ्यावर नेई, त्याची दाढी करून देई. लोक त्याला देवमाणूस म्हणत आणि ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. मला त्याची कीव येते आणि रागही येतो. सात वर्षांनी, दाढी करता करताच, त्यानं फकिराला सांगून टाकलं की त्या दिवशी ओल दिसली होती आणि मी रागानं गप्प बसलो.

फकिरा शांतपणे म्हणाला, “मले ठाऊक होतं, भाऊ. तू काहीच बोलला नाही, तवाच समजलो का ओल हाय. पण थांबू कसा, अन् तुले विचारू कसा? सगळ्यायसमोर तुझी मजाक उडवली होती ना मी.”

मग त्यानं हनुवटी वर केली. मामानं वस्तरा मिटला. उरलेली दाढी तशीच राहिली.