शिवकन्येच्या पेपरासाठी दार

लातुरात मन्मथआप्पांचं दारांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. सागवानी, सपाट प्लायवूडची म्हणजे फ्लशची, न्हाणीघराला लागतात ती प्लास्टिकची, सगळ्या तऱ्हेची दारं तिथं भिंतीला टेकून उभी असतात. शिकवण्यांसाठी बाहेरगावची लेकरं लोटायला लागली तशी गल्लोगल्ली वसतिगृहं उठली, एकेका खोलीच्या तीन-तीन खोल्या झाल्या, आणि त्यातल्या कितीतरी खोल्यांना आप्पांनी दार दिलं. अर्धं लातूर माझ्या कड्या लावून अभ्यास करतंय, असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एकही दार नव्हतं.

भूकंपाच्या पहाटे किल्लारीकडं गावंच्या गावं आडवी झाली. आप्पांच्या घराला महादेवाच्या कृपेनं नुसत्या भेगा पडल्या. पण त्या पहाटे त्यांच्या खोलीचं दार अडकलं. वरून माती पडतीय, भांडी वाजतायत, आणि दार उघडायला तयार नाही. कसेबसे दोघं नवराबायको बाहेर पडले. उजाडल्यावर आप्पांनी घरातली सगळी दारं बिजागऱ्यांसकट उतरवली. तेव्हा जो तो घर पुन्हा उभारायच्या मागं होता, त्यामुळं उतरवलेली दारं हातोहात गेली, आणि धंद्याचा मुहूर्त झाला तो असा.

त्यांची लेक शिवकन्या भूकंपानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. तिला दार म्हणजे दुकानातला माल, एवढंच माहीत. घरात पडदे. न्हाणीघरालाही जाड सतरंजीचा पडदा, आणि आत जो असेल त्यानं मोठ्यानं शिवनाम घेत राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. पाहुणे पहिल्या दिवशी लाजायचे, दुसऱ्या दिवशी तेही ओम नमः शिवाय म्हणत अंघोळ करायचे. आई उमाबाईंना त्यात काही वावगं वाटायचं नाही. देवाचं नाव तेवढंच जास्त होतं, असं त्या म्हणायच्या.

मेडिकलची परीक्षा शिवकन्येनं दोनदा दिली. दोन्ही वेळा ती अशी काठावर राहिली की तिसऱ्यांदा बस म्हणायलाही कुणाला तोंड नव्हतं आणि नको म्हणायलाही. मग तिनं स्वतःच एक दूरचं विद्यापीठ शोधलं आणि घरबसल्या ऑनलाइन पदवीला नाव घातलं. विषय न्यायवैद्यक मानसशास्त्र. म्हणजे गुन्हा करणाऱ्याच्या मनात काय चालतं, साक्षीदाराला काय आठवतं, काय आठवत नाही, त्याचा अभ्यास. आत्या धुरपताबाईंना हे नीट समजावून सांगितलं, तरी त्यांनी शेवटी विचारलंच, "मढीच फाडायची हुती तर डॉक्टर का न्हाई झालीस गं?"

उमाबाई घरात मुलांची खानावळ चालवायच्या. जेवायला येणाऱ्या मुलांनी ही बातमी गावभर केली की ताईला खोटं ओळखता येतं. लातुरात ताईच्या वाट्याला खून-दरोडे कुठून येणार? इथं गुन्हा एकच, चाचणीतले मार्क लपवणं. पालक पोरांना घेऊन यायला लागले. इस्लापूरहून एक बाप लेकाला घेऊन आला आणि म्हणाला, हा खरं बोलतो का बघा. पोरगं खरंच बोलत होतं. बापानं मात्र स्वतःचे दहावीचे मार्क सांगितले आणि सांगताना तीनदा घाम पुसला. शिवकन्येनं दोघांना ताक दिलं आणि गाडीला बसवलं.

घोडं अडलं ते शेवटच्या वर्षाला. पेपर घरबसल्याच द्यायचा, पण समोर कॅमेरा चालू, आणि तिकडून कुणीतरी बघत बसणार. खोलीत दुसरं माणूस नको, मागं बंद दार दिसलं पाहिजे. आधीच्या एका पेपराला उमाबाई पूजा करून उठल्या आणि सवयीनं लेकीच्या कपाळाला विभूती लावून गेल्या. एक ताकीद आली. पुढच्या पेपराला एका पोरानं पडद्यातून मुंडकं घालून मीठ कुठंय म्हणून विचारलं. दुसरी ताकीद आली, आणि सोबत लेखी कळवलं की शेवटच्या पेपराला बंद दार नसेल तर पेपर रद्द, वर्ष वाया.

वर्ष वाया म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धुरपताबाईंनी जवळच्या मुरुडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलाचं प्लायवूडचं दुकान. दारं आणि प्लायवूड, याहून चांगलं जमायचं काय, असं त्या येता-जाता ऐकवायच्या. शिवकन्येनं पास झाल्याशिवाय लग्नाचं बोलायचं नाही असा शब्द आप्पांकडून घेतला होता. त्याच शब्दाची दुसरी बाजू अशी, की नापास झाली तर मुरुड.

दार असलेली खोली ती लातूरभर हुडकत फिरली. वसतिगृहं खचाखच भरलेली. आत्याच्या घरी दारं होती, पण दाराबाहेर आत्याला ठेवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. तिच्यासोबत हाच विषय शिकणारी नांदेडची बुशरा फोनवर म्हणाली, इकडं ये. पण पेपर ज्या गावाच्या नावानं नोंदवला त्याच गावातून द्यायचा होता. मग बुशरा म्हणाली, "न्हाणीत बसून दे. न्हाणीला तरी दार असंल की नई?" शिवकन्येनं तिला सतरंजीचा पडदा आणि शिवनामाची रीत सांगितली. पलीकडं बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं.

शेवटी तिनं आप्पांनाच धरलं. आप्पा दोन दिवस दुकानातली दारं पुसत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, दार देतो. पण बिजागरी नाही आणि कडी नाही. नुसतं टेकवायचं. धरणी हलली तर एका धक्क्यात पडलं पाहिजे.

पेपराच्या दिवशी त्यांनी दुकानातलं एक फ्लशचं दार आणून चौकटीला बाहेरून टेकवलं. कॅमेऱ्यातून बघितलं तर अगदी बंद दार. फक्त एक अडचण होती. वारं आलं की ते डुलायचं. म्हणून आप्पा घरातल्या बोळीत, दाराला पाठ लावून उभे राहिले.

पेपर सुरू झाला. निम्मा झाला असेल नसेल, कॉम्प्युटरच्या पडद्यावर पर्यवेक्षक बाई उगवल्या. वयानं लहानच होत्या, हिंदी बोलत होत्या. त्यांनी सांगितलं, मागून कुणाचा तरी पुटपुटण्याचा आवाज येतोय, कोणीतरी उत्तरं सांगतंय असा संशय आहे. आवाज आप्पांचा होता. बंद दाराला पाठ लावून उभं राहायचं म्हणजे त्यांना शिवनामाशिवाय इलाज नव्हता. बाई म्हणाल्या, दार उघडून दाखवा.

हे दार उघडत नव्हतं. ते फक्त उचलता येत होतं.

"आप्पा, दार," शिवकन्या म्हणाली.

मग कॅमेऱ्यासमोर एक आख्खं दार जमिनीपासून वर उठलं, त्याच्याखाली दोन पाय दिसले, आणि दार चालत चालत डावीकडं निघून गेलं. त्याच्या मागं बोळीत खानावळीची सगळी पोरं हातात ताटं घेऊन जेवायची थांबून उभी होती.  पर्यवेक्षक बाईंनी पेपर थांबवला आणि दार का बसवलेलं नाही याचं कारण विचारलं, कारण त्यांना ते वर कळवायचं होतं.

आप्पा दार खाली ठेवून पुढं आले. टोपी नीट केली. "मॅडम, भूकंप में दरवाजा अटक गया था. तबसे इस घर में दरवाजा नै," असं म्हणून त्यांनी ती पहाट सांगितली. लेकीनं ती जन्मापासून ऐकली होती. माती, भांडी, अंधार, सगळं जिथल्या तिथं होतं.

बाईंनी ऐकून घेतलं. आणि त्या वेळी दुसरं कोणी हजर होतं का, असं विचारलं. एकट्याच्या सांगण्यावर त्यांना लिहिता येईना. उमाबाईंना स्वयंपाकघरातून बोलावलं. त्या कणकेच्या हातानं आल्या, कॅमेऱ्याला नमस्कार केला.

"दार अडकलंच न्हवतं," उमाबाई म्हणाल्या. "आत उघडायचं हुतं ते. हे बाहेर ढकलत बसले. मी यांना बाजूला सारलं आन् वढलं."

शिवकन्येनं हिंदी करून सांगितलं. सांगताना तिचं तिलाच ऐकू आलं, की आज दारांचा धंदा करणारा आपला बाप त्या पहाटे ओढायचं दार ढकलत होता. आप्पा बायकोकडं बघत होते.

"मग इतकी वर्सं बोललीस का न्हाई?"

"कुणी इचारलंच न्हाई की," उमाबाई म्हणाल्या आणि हाताची कणीक खरवडायला लागल्या. "दारं नसली की झाडायला बी बरं पडतंय."

एकही पोरगं हसलं नाही. आप्पांनी दोन्ही हात पुढं धरले, एकदा ढकलल्यासारखे केले, एकदा ओढल्यासारखे. तिकडून बाईंनी निकाल दिला, की कारण काहीही असो, दार बसवून लावलं तर पेपर पुढं चालू होईल, नाहीतर रद्द. लेकीनं आप्पांकडं बघितलं.  तिच्या शिक्षणात हेही होतं, की भ्यालेल्या माणसाला घाई करायची नाही. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि ते दिसत होतं.

आप्पा दुकानात गेले. धुरपताबाई नेमक्या त्याच वेळी दुकानात टेकल्या होत्या, त्यांनी काय झालं म्हणून विचारलं तर त्यांच्या हातात बिजागऱ्यांचा डबा देऊन तिकडं चला म्हणाले. पोरांनी ताटं ठेवली आणि दार धरलं. आप्पांनी चौकटीला बिजागरी लावली, एक स्क्रू दोनदा पडला. दार त्यांनी बाहेर उघडेल असं बसवलं.

उमाबाई म्हणाल्या, "आवो, बोळीत उघडंल. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावर बसंल."

"बसू दे," आप्पा म्हणाले. "भ्यालं की माणूस ढकलतंय, वढत न्हाई. ढकलून उघडलं पाहिजे."

मग त्यांनी आतून कडीही ठोकली. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतः दोनदा लावून काढून बघितली, पोरांना लांब जायला सांगितलं आणि दार बाहेरून लोटलं.

"कन्ये, कडी लाव."

शिवकन्येनं आयुष्यात कधी कडी लावली नव्हती. ती आधी उलट्या बाजूला सरकवायला लागली. मग लागली.

"लागली का?"

"लागली, आप्पा."

पर्यवेक्षक बाईंनी मागचं दार पाहिलं, पाय दिसत नाहीत ना याची खात्री केली आणि पेपर पुढं सुरू केला. बाहेरून कसलाही आवाज आला नाही. आप्पांनी शिवनाम मनातल्या मनात घेतलं असणार. पेपर भरला, पोचल्याचं कळलं. पुढं ती पास झाली, मुरुडच्या मुलाचं दुसरीकडं जमलं, आणि आज ती नांदेडला पोलिसांनी आणलेल्या पोरांशी बोलायचं काम करते.

पण त्या दिवशी एवढंच झालं, की तिनं कडी काढली आणि दार ढकललं. ते सहज उघडलं आणि बोळीत कान लावून उभ्या असलेल्या आप्पांच्या कपाळावर बसलं. आप्पांनी कपाळ चोळलं. दार परत लावलं, लेकीला आतून पुन्हा एकदा ढकलायला लावलं, या वेळी मात्र बाजूला सरकून. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून त्यांनी उमाबाईंना सांगितलं, उघडतंय.