शेजारच्या कॉटवरची बाई

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला सांगायचं मनात होतं, पण ती गेली – आणि ती असती तरी मी टाळलंच असतं. तुम्हाला सांगतेय, कारण उद्या सकाळी उठून तुमच्यासमोर मला चहाचा कप ठेवायचा नाही.

माझं माहेर मूळचं लातूरकडचं. वडील भोसरीत एका वर्कशॉपला लागले, म्हणून आम्ही दिघीत वाढलो. सासर चाकणजवळच्या गावातलं. शेती होती, आता थोडी उरलीय, घरातले दोघं भाऊ कंपनीत जातात. मीही जाते, क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या हातून झालेल्या चुका शोधते. हसू येतंय ना? मलाही यायचं पूर्वी.

गावात माझं एक नाव आहे. थोरली सून नॉर्मल बाळंत झाली आणि तोंडातून आवाज काढला नाही, असं. सासूबाईंनी हे बारशाला सांगितलं, हळदीकुंकवाला सांगितलं, गिरणीत दळण ठेवायला गेल्या तिथेही सांगितलं. "माज्या थोरलीनं हूं का चूं केलं न्हाई," असं म्हणताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. सासूनं सुनेचं चारचौघांत इतकं कौतुक करावं, असं किती घरांत होतं? मला ते आवडलं. खूपच आवडलं – ते आधी कबूल करते.

आता खरं काय ते.

मी ओरडले. नुसती ओरडले नाही, सगळं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. सरकारी हॉस्पिटल होतं, लेबर रूममध्ये बाळंत होणाऱ्या आम्ही दोघी होतो, नातेवाइकांना आत सोडत नव्हते. कळा वाढल्या तशी मी सिस्टरचा हात धरला आणि सोडेना. पोट फाडा पण मला मोकळं करा, म्हणाले. नवऱ्याला शिव्या घातल्या – ज्या मला येतात हेही मला माहीत नव्हतं. आणि एकदा मी म्हणाले, मेलं तरी चालेल, पण हे बाहेर काढा. माझ्याच लेकराबद्दल म्हणाले. तिथल्या मावशींनी माझ्या तोंडावर हात ठेवला. रागानं नाही, मला वाटतं त्या शब्दांवर ठेवला.

पण एक झालं. मी इतकी ओरडत होते, म्हणून सिस्टर माझ्यापासून हलली नाही. डॉक्टर धावत आल्या. वेदांत जन्मला आणि टाहो फोडून रडला.

शेजारच्या कॉटवर जी होती, ती मात्र खरोखर गप्प होती. बांधकामावर काम करणारी असावी, सोबत कोणी नव्हतं. नाव मी विचारलं नाही. कॉटचा लोखंडी दांडा धरून ती छताकडे बघत होती, आणि मध्येच एकदा माझ्याकडे बघून मान हलवली होती – होईल, होईल, अशी.

नंतर वॉर्डातही तिची कॉट माझ्या शेजारीच आली. सासूबाई आल्या, नातवाला बघितलं, कानशिलावर बोटं मोडली, आणि म्हणाल्या, "दाराभाईर आईकू येत व्हतं. कोन गं ती येवढी वरडत व्हती? लाज न्हाई बाईला."

मी काही बोललेसुद्धा नाही. फक्त डोळ्यांनी शेजारची कॉट दाखवली.

तिनं ते पाहिलं. सासूबाई तिच्याकडे कशा बघतायत तेही पाहिलं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. ती भिंतीकडे वळली आणि बाळाला पाजत राहिली. बस, एवढंच. तिनं एक शब्द बोलायला हवा होता, असं मला अजून वाटतं. माझा खोटेपणा तिथल्या तिथे मेला असता. पण तिनं का बोलावं? तिचा काय संबंध?

खोटं एकदा बोललं की त्याला खायला घालावं लागतं. बायका विचारायच्या, कसं गं सोसलंस? मग मी गाऊनची बाही दातात धरल्याचं सांगू लागले. पुढे म्हणू लागले की ओरडलं की अंगातली ताकद जाते, बाळाला त्रास होतो. हे मला कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. माझं मीच रचत गेले, आणि सांगून सांगून ते मलाही थोडं खरं वाटायला लागलं.

मग धाकटी जाऊ आली. सारिका. जुन्नरकडची, हसरी, माझ्यावर जीव टाकणारी. तिला दिवस गेले आणि ती माझ्या मागेच लागली. पोळ्या लाटताना विचारायची, भाजी निवडताना विचारायची, ताई, खरंच नाही ओरडलात? मी सांगायचे. दर वेळी सांगायचे. तिच्या डोळ्यांत ती भीती होती ना, ती मला दिसत होती – आणि तरी मला त्या डोळ्यांत मोठं व्हायचं होतं.

तिच्या कळा सुरू झाल्या तेव्हा लेबर रूम भरलेली होती. बाकीच्या ओरडत होत्या. सारिका ओरडली नाही. सिस्टर दोनदा तिच्याजवळ येऊन गेली, कळा वाढल्या का म्हणून विचारलं, आणि सारिका म्हणाली, सहन होतंय. जी म्हणते सहन होतंय, तिला वेळ आहे असंच धरतात. गर्दीत दुसरं काय करणार? सिस्टर ओरडणाऱ्यांकडे गेली.

तन्वी जन्मली तेव्हा रडली नाही. निळी पडली होती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, ती वाचली. पण ती अजून मान नीट धरत नाही, घास भरवावा लागतो, आणि सारिका तिला कडेवर घेऊन बसनं आकुर्डीला व्यायामासाठी नेते. डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी होतं, यात कोणाची चूक नाही. घरातल्या सगळ्यांनी ते मान्य केलं. मीही मान डोलावली.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर सारिका मला काय म्हणाली, सांगू? "ताई, तुमच्यासारखं जमलं बघा मला. आवाज नाही काढला." बाळ तिकडे पेटीत होतं आणि ही मला शाबासकी मागत होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तुम्ही म्हणाल, तेव्हा सांगायचं होतं. हो. पण मी तुम्हाला इथवर आणलं ते याच्यासाठी नाही. याच्यापुढेही एक आहे.

गेल्या वर्षी सारिका पुन्हा बाळंत झाली. या वेळी एका बाईला सोबत आत राहू देत होते. तिनं स्वतःच्या आईला नाही, मला बोलावलं. कळा वाढल्या, तिचा चेहरा पांढरा पडला, ओठ घट्ट मिटलेले. मला तन्वी दिसायला लागली. मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, ओरड सारिका. ओरड ना गं. काही होत नाही. ती कळ ओसरू दिली तिनं, श्वास घेतला, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही ओरडला होता का?"

तिथे कोणी नव्हतं ऐकायला. सासूबाई नव्हत्या, गाव नव्हतं. ती होती आणि मी होते, आणि एका शब्दाचं काम होतं. तो शब्द काय करू शकतो हे मला माहीत होतं. न बोलला तर काय होतं तेही घरात, कडेवर, रोज दिसत होतं.

मी म्हणाले, "नाही."

तिनं ओठ पुन्हा मिटले. मग मीच दारात जाऊन सिस्टरला हाका मारल्या, वेड्यासारख्या. मुलगी झाली, सुखरूप, रडली. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. ती सुखरूप झाली यात माझं काही नाही.

घरी निघायच्या आधी सारिकानं बाळ माझ्या हातात दिलं. टाके ओले होते, तरी पलंगाला धरून वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.